फूड फेस्टिवलला जाताय? पहिली चक्कर रिकाम्या हातानं मारा

मागच्या हिवाळ्यात नागपुरात आमच्या वरच्या मजल्यावर सांगलीहून बदली होऊन एक जोडपं राहायला आलं. दोघंही खाण्याचे शौकीन. पहिल्याच रविवारी फूड फेस्टिवलला जाऊन आले. सोमवारी जिन्यात भेट झाली तेव्हा वहिनींचा चेहरा उतरलेला. "काका, तोंड भाजलं, पैसे गेले, आणि सांबारवडीबरोबर सांबारच दिलं नाही हो. मागितलं तर तो म्हणतो, ताई, आतच तर आहे!"

मी हसलो, पण चूक त्यांची नव्हती. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं सांबार वेगळं आणि भाजीवाल्याकडची सांबाराची जुडी वेगळी, हे त्यांना कोण सांगणार? बाकीच्या गोष्टीही कोणी सांगितल्या नव्हत्या. पहिल्याच स्टॉलवर सावजी, म्हणजे इथल्या झणझणीत काळ्या मसाल्याच्या, चिकनची फुल प्लेट, वर रस्सा वाटीनं प्यायले, मग जीभ बधिर झाली आणि पुढच्या पाच स्टॉलांवर काय खाल्लं ते कळलंच नाही. पुढच्या रविवारी त्यांना मी सोबत घेऊन गेलो. तेव्हा जे जे सांगितलं, ते नव्यानं नागपुरात आलेल्या सगळ्यांसाठी इथं लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून निघा. मैदानावर पोटभर जेवायचा बेत ठेवूच नका. शहरभरची हॉटेलं, खानावळी आणि सावजी भोजनालयं एका ठिकाणी चाखायला मिळतात, ती संधी वापरायची आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत कुठं जाऊन निवांत बसून जेवायचं ते पक्कं करायचं. हे एकदा डोक्यात बसलं की किती घ्यायचं, आधी काय खायचं, काय सोडायचं, हे सगळं सोपं होतं.

निघण्यापूर्वी

हे मेळे बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भरतात. कारण उघड आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेल्यावर तंबूत कढईसमोर उभं कोण राहणार? कधी कस्तुरचंद पार्क, कधी रेशीमबाग, कधी एखाद्या कॉलनीचं मैदान. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हिवाळी क्राफ्ट मेळ्यातही खाण्याचे स्टॉल असतात, पण तिथं बाहेरच्या राज्यांचेही पदार्थ मिळतात. नागपूर चाखायचं असेल तर स्थानिक हॉटेलवाल्यांचा मेळा निवडा.

दिवस कोणता? चार-पाच दिवसांचा मेळा असेल तर दुसरा किंवा तिसरा, आणि शक्यतो कामाचा वार. पहिल्या दिवशी कोणाचं सिलिंडर आलेलं नसतं, कोणाचा बोर्ड लागलेला नसतो. शेवटच्या दिवशी उरलेला माल संपवायची घाई असते आणि बोर्डावरच्या निम्म्या पदार्थांवर काट मारलेली असते. रविवारी रात्री आठनंतर तर ताट धरलेला हात खाली घ्यायला जागा नसते. साडेसहाला पोचा आणि साडेआठला बाहेर पडा.

दुपारचं जेवण हलकं ठेवा, पण उपाशी जाऊ नका. भुकेला माणूस चाखत नाही, गिळतो. चार वाजता मूठभर मुरमुरे-फुटाणे खाऊन घ्या.

सोबत काय न्यायचं: स्वेटर (डिसेंबरात रात्री पारा 10-12 अंशांवर उतरतो आणि मैदानावर वारा असतो), पाण्याची बाटली, मोठा रुमाल, सुटे पैसे आणि घरचा एक स्टीलचा चमचा. चमच्याला हसू नका. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या चमच्या-प्लेटांवर बंदी आहे, त्यामुळे स्टॉलवर लाकडी चमचा मिळतो. पातळ रश्शाला त्या लाकडाचा वास लागतो आणि बेसनाची पाटोडी तोडायला गेलं तर पाटोडीच्या आधी चमचाच तुटतो. सुटे पैसे अशासाठी की गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं, आणि मग मागं वीस माणसं उभी असताना तुम्ही फोन आकाशाकडं धरून उभे राहता.

गाडीपेक्षा मेट्रो बरी. कस्तुरचंद पार्कला तर स्टेशनच आहे. पार्किंगमध्ये अर्धा तास घालवून आलेल्या माणसाला कुठलाच पदार्थ चांगला लागत नाही.

पहिली चक्कर: खिसा बंद, डोळे उघडे

आत शिरल्यावर काहीही घ्यायचं नाही. सगळ्या स्टॉलांपुढून एकदा फिरून या. वीस मिनिटं लागतात आणि सोबतची पोरं कुरकुरतात, तरी फिरा.

बघायचं काय? आधी बोर्ड. ज्या बोर्डावर तीन-चार पदार्थ आहेत तो माणूस आपल्या हातचं आणतो. पावभाजी, मोमो, चायनीज भेळ आणि खाली बारीक अक्षरात 'वऱ्हाडी थाळी' असेल तर पुढं चला. मग स्टॉलच्या मागं डोकवा. चूल किंवा शेगडी चालू आहे का, की सकाळी शिजवून आणलेलं डब्यातून वाढताहेत? तळणीचं तेल काळं पडून फेसाळत असेल तर तो स्टॉल मनातल्या मनात खोडून टाका. वर्तमानपत्राच्या कागदावर तेलकट वडे ठेवणाराही खोडा. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानंच त्याला मनाई केली आहे.

माझी आवडती परीक्षा तोंडी आहे. काउंटरवर सहज विचारायचं, "भाऊ, तुमचं हॉटेल कुठं आहे?" घरचा माणूस असेल तर डोळ्यांत चमक येते आणि तो अमक्या चौकातून डावीकडं, तमक्या मंदिरासमोर, असा पत्ता सांगू लागतो. "माहीत नाही, मालकाला विचारा" असं उत्तर आलं तर समजा, चार दिवसांसाठी रोजंदारीवर पोरं उभी केली आहेत. स्वयंपाक वाईटच असेल असं नाही, पण इथली चव त्या हॉटेलात सापडेल याचा भरवसा नाही.

कुपनांचं आताच सांगून टाकतो. काही मेळ्यांत रोख चालत नाही, दारात कुपन घ्यावं लागतं. एकदा मी उत्साहानं हजाराची कुपनं घेतली. शेवटी 180 रुपयांची उरली, परत द्यायला गेलो तर खिडकी बंद, आणि पहारेकरी म्हणतो उद्या या. उद्या मेळाच नव्हता. तेव्हापासून मी तीनशे-तीनशेची घेतो आणि पैसे परत मिळण्याची खिडकी किती वाजता बंद होते ते आधी विचारून ठेवतो.

बोर्डावरची भाषा

पुण्या-मुंबईहून आलेला माणूस बोर्ड वाचतो, पण अर्थ भलताच लावतो. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. इथल्या ताटावर आणि जिभेवर हिंदीचा हात आहे तो तेव्हापासूनचा आणि त्याच्याही आधीचा. बटाट्याला आम्ही आलू म्हणतो, म्हणून बटाटेवड्याचा जवळचा नातलग इथं आलूबोंडा. फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. पाटवडीची पाटोडी होते. भाकरीची शेवटची 'ई' आम्ही खातो आणि नुसतं भाकर म्हणतो. सांबार म्हणजे काय ते वर आलंच.

सगळ्यांत महत्त्वाचा शब्द तर्री. रश्शावर तरंगणारं लाल, मसाल्याचं तेल म्हणजे तर्री. मागितली नाही तरी पडते. "तर्री मारू का?" असं विचारलं आणि तुम्ही नवे असाल तर म्हणा, "वेगळी द्या." वाटीत वेगळी घेतली की आपल्या हातात राहते.

ज्यांना शेंगदाणे, तीळ किंवा जवस चालत नाही त्यांनी शब्दांवर विसंबू नका, तोंडानं विचारा. चटण्यांत आणि रश्शांत हे तिन्ही कुठंही असू शकतात. शाकाहारी मंडळींनी एवढंच बघावं की पाटोडीच्या रश्शातला डाव मटणाच्या भांड्यात तर जात नाही ना. सावजी स्टॉलवर दोन्ही भांडी शेजारी शेजारीच असतात.

खाण्याचा क्रम

चौघं असाल तर एका पदार्थाची एकच प्लेट. दोघं असाल तर हाफ मिळतं का ते विचारा, बहुतेक ठिकाणी मिळतं. एकटं जाऊ नका, एकट्याला दोन पदार्थांच्या पुढं जाताच येत नाही. आम्ही चौघं एका संध्याकाळी सहा-सात पदार्थांवर थांबतो. त्यानंतर जीभ खोटं बोलायला लागते.

सौम्य आधी, झणझणीत नंतर, गोड सगळ्यांत शेवटी. वाचायला सोपं आहे, पण सावजीचा वास मैदानभर पसरलेला असतो आणि पाय आपोआप तिकडं वळतात. आवरा.

सुरुवात वडाभातानं करा, मिळाला तर. मोकळा भात, त्यावर भरड दळलेल्या मिश्र डाळींचे तळलेले वडे कुस्करायचे, आणि वरून हिंग-लाल मिरचीची फोडणी दिलेलं गरम तेल. सोबत कढी किंवा ताक. तिखट नसतो, पण पहिल्या घासाला हिंग नाकात जातो. फोडणी तुमच्यासमोर, गरम असतानाच ओतली पाहिजे. आधीच कालवून ठेवलेला वडाभात घेऊ नका, तो गारठला की तेल टाळूला चिकटतं. आमचं गाव या बाबतीत मोक्याच्या जागी आहे. पूर्वेला भंडारा-गोंदियाचा झाडीपट्टीचा भाताचा मुलूख, पश्चिमेला वऱ्हाडची ज्वारी. दोन्हींची ये-जा नागपूरच्या स्वयंपाकघरातून होते.

मग सांबारवडी, जिला पुडाची वडी असंही म्हणतात. ही हिवाळ्यातच खायची, कारण कोवळं सांबार तेव्हाच स्वस्त आणि मुबलक. चिरलेलं सांबार, तीळ, खसखस, खोबरं आणि तिखट यांचं सारण, लाटलेल्या पारीला आतून मसाला-चिंचेचा हात फिरवलेला, आणि पुड्यासारखी घडी घालून तळलेली. हातात घेऊन मधोमध तोडा. आतली पानं हिरवी आणि मोकळी दिसली पाहिजेत. काळसर, ओला गोळा निघाला तर समजा, धुतलेलं सांबार पुसून कोरडं केलं नव्हतं, नाहीतर वडी दुपारीच तळून ठेवली होती. कढीसोबत खा. वहिनींना या वेळी कढी मिळाली आणि सांबाराचा वाद मिटला.

तिसरी पाटोडी-रस्सा. शाकाहारी माणसाला सावजी मसाल्याची ओळख करून घ्यायची असेल तर हाच रस्ता. बेसन शिजवून थापलेल्या वड्या आणि काळ्या मसाल्याचा रस्सा. इथं स्टॉलवाल्याच्या हाताकडं बघा. वड्या बाजूला ताटात ठेवून वाढताना रश्शात सोडत असेल तर जाणकार आहे. पातेल्यात आधीच सोडून ठेवल्या असतील तर त्या विरघळतात आणि रश्शाचं पिठलं होतं.

आता थोडं थांबा आणि लांब पोळीच्या स्टॉलपाशी उभे राहा. काही जण मांडा म्हणतात, काही मटका रोटी. खायची तर आहेच, पण आधी नुसती बघा. चुलीवर मातीचं मडकं पालथं घातलेलं असतं. लोकवन गव्हाची कणीक इतकी सैल की परातीत टिकेना असं वाटतं. बाई तिचा गोळा उचलते, आपटते, ताणते, पुन्हा आपटते, तिला पोलपाट लागत नाही. मग तो गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ओढते. पलीकडचा दिवा त्यातून दिसायला लागतो. एका झटक्यात ती मडक्यावर पसरते, फुगे येतात, आणि मनात दहा मोजायच्या आत ती निघून रुमालासारखी घडी होऊन तुमच्या पानावर. मागच्या वेळी एका मावशींना विचारलं, "फाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "घाबरलं की फाटते."

ही पोळी गरम असतानाच सावजीपाशी न्या. आता त्याची वेळ.

सावजी: इथं घाई नको

सावजी हा विणकर हलबा कोष्टी समाजाचा स्वयंपाक. भाजून वाटलेला काळा मसाला, आणि परंपरेनं जवसाचं तेल. मसाला प्रत्येक भोजनालयाचा आपला, विचारलं तर हसून विषय बदलतात. त्याचा तिखटपणा जिभेवर लगेच कळत नाही. पहिला घास गोड वाटतो, माणूस म्हणतो एवढंच होय, आणि तिसऱ्या घासाला घशातून धूर निघतो. सांगलीचे आमचे भाऊजी तिखट खाणारे, "आम्हाला काय तिखटाचं" म्हणत वाटी तोंडाला लावली होती. म्हणून रस्सा प्यायचा नाही. पोळी बुडवून खायचा, चमच्यानं तर्री बाजूला सारून.

चिकनपेक्षा मटण मागवा. चिकन पटकन शिजतं आणि मसाला त्याच्या आत जात नाही, त्यामुळे आचाऱ्याचा हात कळायला मटणच हवं. खूर, सुंदरी (बकऱ्याची आतडी) असले प्रकार बोर्डावर दिसले तर धीट माणसानं एखादा तुकडा जरूर चाखावा, पण खुराला तासन्‌तास मंद आच लागते आणि ती तंबूत क्वचित मिळते. खुरासाठी भोजनालयच गाठा.

तिखट लागलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला जाळणारा अंश पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं तो नुसता तोंडभर पसरतो. स्निग्ध पदार्थात विरघळतो आणि दुधातलं प्रथिन त्याला धरून नेतं. म्हणून मठ्ठा, दही, नाहीतर दूध. मठ्ठ्याचा स्टॉल पहिल्या चक्करीतच हेरून ठेवायचा असतो तो यासाठी. शेजारी जिलबी असेल तर आणखी बरं.

शेवटी गोड. संत्रा बर्फी नागपुरात वर्षभर मिळते, आणि पाहुण्यांसाठी डबा नेणं इथं जवळजवळ सक्तीचं आहे. पण हिवाळ्यात अंबिया बहाराची (वर्षाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) ताजी संत्री बाजारात आलेली असतात. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ सोलून, मीठ-मिरपूड लावून एखादा स्टॉल देत असेल तर मी बर्फी सोडून तिकडं जातो. सावजीनंतर त्या आंबटगोड फोडीसारखं दुसरं काही नाही.

मैदानावर काय खाऊ नये

तर्री पोहे. हे वाचून नागपूरकर चिडतील, पण ऐका. पोहे सकाळचे. वाफाळलेले पिवळे पोहे, वर काळ्या हरभऱ्यांचा रस्सा, तर्री, शेव, कांदा, लिंबू. ठेल्यासमोर उभं राहून खायचे. मेळ्यात संध्याकाळी सातला मिळणारे पोहे दुपारपासून झाकून ठेवलेले असतात, खालचे चिकट आणि वरचे कोरडे. तेच खाऊन "तर्री पोह्यांचं उगाच कौतुक" असं मत केलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. बिर्याणीचंही तसंच, आणि ती नागपूरची खूण नाहीच.

घरी येण्याआधी

आवडलेल्या स्टॉलच्या बोर्डाचा फोटो काढा, हॉटेलचं नाव आणि चौक दिसेल असा. ताटाचे फोटो नंतर सगळे सारखेच दिसतात. कुपनाच्या मागं दोन शब्द लिहा: 'पाटोडी चांगली, पोळी गार' एवढंही पुरतं. आणि स्टॉलवरच्या माणसाला एक प्रश्न विचारून ठेवा: हा पदार्थ हॉटेलात रोज असतो का, आणि किती वाजता तयार होतो? सांबारवडी अनेक ठिकाणी फक्त थंडीत करतात, वडाभात कुठं ठरावीक वारीच मिळतो, आणि चांगल्या भोजनालयात मटण संपलं की संपलं, दुसरं पातेलं चढत नाही.

मग पंधरा दिवसांच्या आत जा, चव जिभेवर आहे तोवर. इतवारी, महाल, पाचपावलीकडल्या सावजींकडे जायचं तर दुपारी एकच्या आत किंवा संध्याकाळी साडेसातला, निघण्याआधी फोन करून. आणि तर्री पोह्यांसाठी एखाद्या सुटीच्या सकाळी आठला, घरून चहासुद्धा न घेता निघा.